दुसऱ्या सिमवरची विजू

अकोल्याच्या स्टेशनावर हावड्याची गाडी पाच मिनिटं थांबायची. त्यातली चार मिनिटं सामान चढवण्यात गेली. सासरची नऊ माणसं, दोन ट्रंका, आहेराची भांडी, फराळाचे डबे आणि मी. लग्नाला तीन दिवस झाले होते. उरलेल्या एका मिनिटात आई खिडकीशी आली आणि आत बसलेल्या माझ्या सासूबाईंकडे बघत, पाठ केलेलं म्हणून दाखवावं तशी म्हणाली, "मेधा, पोचल्यावर पत्र टाकजो." तिच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते. तिचं तिलाच हसू आलं. मग गाडी हलली, खिडकी पुढं सरकली, आणि आई चार पावलं धावत येऊन ओरडली, "विजू! डब्यातलं पिठलं आजच संपवजो, उद्याले राहायचं नाही!" डब्यातल्या सगळ्यांनी आधी सासूबाईंकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. कारण विजया हे सासूबाईंचं नाव होतं.

तेच तर सगळ्याचं मूळ. मीही विजयाच. पण एका घरात दोन विजया कशा चालतील? म्हणून लग्नाच्या संध्याकाळी ताटात तांदूळ पसरले गेले आणि ह्यांनी अंगठीनं त्यात 'मेधा' लिहिलं. कोणी मला विचारलं नाही. विचारायचं असतं हे मलाही ठाऊक नव्हतं. माझ्या वर्गातल्या किती मुलींची नावं अशी ताटात गेली कोण जाणे. आज फोनवर त्यांना शोधायला बसले तर एक सापडत नाही. तुमच्यापैकी कोणी हे वाचत असेल आणि कधीकाळी अकोल्याच्या मुलींच्या शाळेत मागच्या बाकावर बसून आवळे खात असेल, तर मी ठोसर मास्तरांची विजया. आता कोलकात्यात भवानीपूरला असते. इथं मला त्या नावानं कोणी ओळखत नाही, म्हणून सांगून ठेवलं.

ह्यांच्या वडिलांपासून पेंढारकर कोलकात्याचेच. हे बजबजच्या तेलाच्या डेपोत केमिस्ट होते. सकाळी माझेरहाटहून लोकल पकडायची आणि संध्याकाळी कपड्यांना रॉकेलचा वास घेऊन यायचं. घरात मराठी, जिन्यात हिंदी, बाजारात बंगाली असं माझं सुरू झालं. आईची पत्रं पंधरा दिवसांनी यायची. पाकिटावर 'सौ. मेधा पेंढारकर' आणि आत 'चि. विजूस अनेक आशीर्वाद'. एक पत्र चुकून खालच्या मजल्यावरच्या काकीमांकडे गेलं. त्यांनी ते उघडलं, वाचता आलं नाही, तेव्हा मलाच वाचून दाखवायला लावलं. दोन नावांची भानगड त्यांना लगेच समजली. "मेधा तोमार भालो नाम, आर विजू डाकनाम," म्हणाल्या. बंगाल्यांत प्रत्येकाला दोन नावं असतात, एक शाळेचं आणि एक घरचं. मी हो म्हणून टाकलं. माझं शाळेचंही विजयाच होतं, हे सांगायला तेव्हा तेवढं बंगाली येत नव्हतं.

पुढं सासूबाई गेल्या. नाव रिकामं झालं, पण ते परत कुणाकडे मागायचं? तोवर रेशनकार्डापासून आधारपर्यंत सगळीकडे मी मेधा श्रीकांत पेंढारकर झाले होते. जन्मतारीख एक जून, कारण आमच्या शाळेत मास्तर सरसकट सगळ्यांची एक जून लावत. ते मास्तर म्हणजे माझे वडीलच. खरी मी वसुबारसेची.

सहा वर्षांपूर्वी दिवाळीत अकोल्याला गेले होते. माझा धाकटा भाऊ बाळू आणि त्याची मुलगी प्राजक्ता यांनी आईला फोन घेतला होता. आईला लिहिता यायचं, पण त्या काचेवर बोट ठेवायची भीती वाटायची. प्राजक्तानं तिला आवाजाचा मेसेज शिकवला. बटण दाबून धरायचं, बोलायचं, बोट उचललं की गेलं. मग तिनं माझाही फोन हातात घेतला. बाळूच्या नावावरचं एक सिम माझ्या फोनच्या दुसऱ्या खाचेत घातलं, माहेरच्या माणसांसाठी. 'ठोसर परिवार' ग्रुपमध्ये मला टाकलं. आणि सगळं साठून राहावं म्हणून एक खातं उघडलं. "आत्या, फोन गेला तरी यातलं काही जात नाही बरं," ती म्हणाली आणि विचारलं, "नाव काय टाकू?"

स्वयंपाकघरातून आईच बोलली. "विजया वामन ठोसर टाक. आन् जन्मतारीख वसुबारसेची टाक, तुह्या आजोबानं लिवलेली नको."

प्राजक्तानं तसंच टाकलं. मला बरं वाटलं. एवढं खरं मी आजवर कुठल्याच फॉर्मवर लिहिलं नव्हतं.

मग रोज सकाळी चहा झाला की आईचा आवाज यायचा. "विजू, उठली का वं? इकडं ऊन लई तापून राह्यलं. बाळूनं कूलर काढला." किंवा, "विजू, काल तुह्या मैत्रिणीची माय भेटली, कोनती ते आता आठवत नाही." असं पाच वर्षं. मी उत्तर पाठवायची, कधी विसरायचीही. कोलकात्याच्या नंबरवर बँक, गॅस, डॉक्टर, आणि दुसऱ्या सिमवर फक्त आई. त्यात मला मोठी सोय वाटायची. अकोल्याच्या कोणाकडेही माझा कोलकात्याचा नंबर नव्हता, हे तेव्हा लक्षातसुद्धा आलं नाही.

गेल्या वर्षी माघात आई गेली. मी जाऊन आले, तेरा दिवस राहिले. सगळ्यांनी मला ताई, आत्या म्हटलं. विजू म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. परत आल्यावर मला आईचे मेसेज ऐकावेसे वाटले नाहीत. आहेत, कुठं जात नाहीत, सवडीनं ऐकू, असं म्हणत राहिले. लोक विचारायचे, तुला रडू येत नाही का? नाही यायचं. भाजी आणायची, चहा करायचा, दुपारी झोपायचं, सगळं नीट चाललं होतं. दुसऱ्या सिमवर आता काहीच येत नसे. त्याची मुदत संपल्याचे मेसेज मात्र यायचे. हे म्हणाले, "कशाला दोन-दोन नंबर?" मीही म्हटलं, कशाला. ते सिम मी स्वतःच मरू दिलं. दोष द्यायला दुसरं कोणी नाही.

श्रावणात फोनची बॅटरी फुगली आणि फोन बंद पडला तो पडलाच. दुरुस्तीवाल्यानं उघडून बघितलं आणि मान हलवली. नवा फोन आणला. आमची लेक ऋता सेक्टर फाइव्हला, कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी करते, रविवारी येते. तिनं खातं उघडायला घेतलं. पासवर्ड बरोबर निघाला. मग पडद्यावर आलं, तुमच्या नंबरवर सहा आकडी कोड पाठवला आहे. नंबर तोच, मेलेला.

"आई, तो सिम परत घेऊन ये ना," ऋता म्हणाली. तिचं मराठी असंच आहे, सिमला तो म्हणते. चौकशी केली तर कळलं, नंबर दुसऱ्या कोणाला देऊन झाला होता.

मग राहिला तक्रारीचा फॉर्म. तुम्हीच या खात्याच्या मालक असल्याचा पुरावा जोडा. माझ्याकडे पुरावे भरपूर, पण सगळे मेधा पेंढारकरचे, एक जूनचे. खात्यातली विजया ठोसर वसुबारसेची. त्या खात्यात जेवढं खरं लिहिलं होतं त्याला एक कागद मिळत नव्हता. लग्नाचा दाखला आम्ही काढलाच नव्हता. पत्रिका होती, ती जोडली. उत्तर आलं की खात्री पटवता आली नाही. आणि खाली एक ओळ की बराच काळ कोणी न उघडलेली खाती आतल्या सगळ्या गोष्टींसह पुसली जातात. त्या दिवशी पहिल्यांदा मला आईचा आवाज ऐकावासा वाटला.

अलीपूरच्या कोर्टाबाहेर ताडपत्रीखाली टायपिस्ट बसतात. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या बाबूंकडे प्रतिज्ञापत्र करून घ्यायला गेले. माझी हकीकत ऐकून ते मुळीच चकित झाले नाहीत. "डाकनाम तो शोबार थाके, दीदी," घरचं नाव तर सगळ्यांनाच असतं, म्हणाले आणि मेधा व विजया ही एकच व्यक्ती असल्याचं दोन ओळींत टाईप करून दिलं. इतक्या वर्षांत हे कोणी कागदावर लिहिलं नव्हतं. शिक्का मारलेला तो कागद मी बसमध्ये बसून दोनदा वाचला. संध्याकाळी ऋतानं तो पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं, शब्दाला शब्द आधीचंच. "आई, हे माणूस वाचत नाही," ती म्हणाली. मग कोण वाचतं, असं मी विचारलं नाही.

या सगळ्यात बाळूचं काय, असं तुम्ही म्हणाल. त्याचा नंबर तेवढा मला पाठ होता. त्याला मी नव्या फोनवरून लिहिलं होतं, 'मी विजू, हा माझा नंबर, ग्रुपमध्ये घे.' उत्तर नाही. दोनदा फोन केला, एकदा वाजून कटला. मी समजले. आई गेली की माहेर आटतं असं सगळ्याच बायका म्हणतात, तर माझंही आटलं. प्राजक्ता लग्न होऊन पुण्याला गेलेली, तिचा नंबर जुन्या फोनमध्येच राहिला. पुढं माघ आला. आईचं वर्षश्राद्ध कधी ते तिथीवरून मला ठाऊक होतंच. बोलावणं आलं नाही. लग्न झालेल्या मुलीनं बोलावल्यावाचून कसं जायचं, तेही भाऊ फोन घेत नसताना? त्या दिवशी मी इथंच देवापुढं पान वाढलं आणि दुपारी नेहमीसारखी झोपले.

त्याच्या चार-पाच दिवस आधी शेवटचा उपाय म्हणून मी माझ्या जुन्या नंबरवर फोन लावला होता. स्वतःलाच फोन लावण्यात काय वाटावं, काहीच वाटलं नाही. पलीकडून एका पुरुषाचा आवाज आला, मागं पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरत होता.

"हॅलो, कोन बोलते?"

मी सांगितलं, मेधा पेंढारकर, कोलकात्याहून. तुमच्या नंबरवर एक कोड येईल, तेवढा सांगाल का? पलीकडे गिरणी बंद झाली.

"बाई, समदे सांगतात का कोड कोनाले द्याचा नाही. टीव्हीवर सांगतात, ब्यांकवाले सांगतात. आन् तुमी कलकत्त्याहून तेच मागून राह्यल्या."

मी म्हटलं, तसलं काही नाही, माझ्या आईचा आवाज आहे त्यात.

"असंन बाप्पा. राग नका मानू, पन म्या नाही सांगत."

त्याचं काही चुकलं नव्हतं, मीही सांगितला नसता. फोन ठेवल्यावर मला कोडचं आठवलंच नाही. 'मागून राह्यल्या' हेच कानात राहिलं. वर्षभरात माझ्याशी कोणी तसं बोललं नव्हतं.

वर्षश्राद्धानंतर चौथ्या दिवशी ह्यांच्या फोनवर बाळूचा फोन आला. रागानं त्याचा आवाज बारीक झाला होता. "भाऊजी, ताईले द्या." मी घेतला. "ताई, एक फोन करता आला नाही तुला? आईचं वर्षश्राद्ध. ग्रुपवर बोलावणं टाकलं, तू हात जोडले, आम्ही समजलो येते. सगळे वाट पाहत बसले. नुसते हात जोडून झालं तुझं?"

मी म्हटलं, बाळू, मी ग्रुपमध्ये नाही. सहा महिने झाले.

"नाही कशी? विजूताई म्हणून आहेस ना तू. दसऱ्याला, दिवाळीला, सगळ्याला हात जोडतेस."

हळूहळू आम्हा दोघांनाही उलगडलं. माझा नंबर गेला, पण ग्रुपमधून विजूताई गेली नाही. नंबराबरोबर ती नव्या माणसाकडे गेली. माझ्या माहेरी माझ्या जागी तो बसला होता, सणासुदीला नमस्कार करत होता. आणि बाळूला एका बंगालच्या अनोळखी नंबरवरून 'मी विजू' असा मेसेज आला, तेव्हा त्यानं तो नंबर ब्लॉक करून टाकला. त्याचं म्हणणं साधं होतं. विजूताई ग्रुपमध्ये आहे, मग ही कोण? असल्या बायका आधी ओळख काढतात आणि मग पैसे मागतात, असं त्याला पोलिसात असलेल्या मित्रानं सांगितलं होतं.

बाळू फोनवर रडला. मला रडू आलं नाही. मला थोडं हसू आलं, आणि मग काहीच वाटेना. मी त्याला म्हटलं, जेवलास का?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा जुन्या नंबरवर फोन लावला. गिरणी चालू होती. ह्या वेळी मी म्हटलं, "मी विजू बोलतेय. ठोसरांची विजू."

गिरणी बंद झाली. "विजूताई? तुमी हायेत होय! मंग तवा मेधा काऊन सांगतलं?"

काऊन सांगितलं, याचं उत्तर मोठं होतं. मी सवय म्हटलं.

त्यांचं नाव गजानन. रिसोडला त्यांची गिरणी आहे. नंबर घेतला आणि दुसऱ्याच दिवशी ग्रुपवरून 'विजूताई, तब्येत कशी आहे' असं कोणीतरी विचारलं. "म्या सांगनार होतो का म्या विजूताई नाही. पन मंग लोक किती मायेनं बोलत. आमच्या घरचा ग्रुप जमिनीच्या भांडनात बंद पडला. म्हनून म्या गपचिप ऱ्हायलो. काही लिवलं नाही जी, नुसते हात जोडले. चुकलंच माह्यं." मी म्हटलं, नाही चुकलं. त्यांनी लगेच कोड सांगायची तयारी दाखवली. मी खात्याचं पान उघडलं, कोड मागवला, त्यांनी एकेक आकडा दोनदा म्हणून सांगितला. आकडे बरोबर होते. पडद्यावर आलं की कोड बरोबर आहे, पण या फोनवरून हे खातं पूर्वी कधी उघडलेलं नाही, त्यामुळे हे तुम्हीच आहात याची खात्री देता येत नाही.

"झालं का?" गजाननभाऊंनी विचारलं.

"नाही झालं," मी म्हटलं.

मग ते म्हणाले, "ताई, एक आवाज हाय माह्याजोळ. तुमच्या मायचा. वर्षश्राद्धाच्या बोलावन्याखाली तुमच्या भाचीनं टाकला होता. पाठवू का?"

तो आला. मी तो ऐकायला खिडकीशी गेले, खालून हातगाडीवाला ओरडत होता, म्हणून खिडकी लावली. प्राजक्तानं कधीतरी बाजूला बसून, आईला कळू न देता, आई मला मेसेज पाठवत असताना स्वतःच्या फोनवर टिपून घेतलं होतं. सुरुवातीला आई नेहमीचं बोलते. "विजू, उठली का वं? आज इकडं मेथी स्वस्त भेटली." मग थांबते. इथं तिचं बोट उठलं असणार, कारण माझ्याकडे येणारे मेसेज इथंच संपायचे. पण प्राजक्ताचं टिपणं चालूच राहिलं. भांड्याचा आवाज येतो. मग आई हळूच, माझ्याशी नाही, नातीशी बोलते.

"प्राजू, गेलं का विजूले?"

रोज विचारत होती ती. पाच वर्षं रोज, आधी प्राजूला आणि तिच्या लग्नानंतर बाळूला, आणि मला एकदाही ऐकू आलं नव्हतं, कारण हे ती बोट उचलल्यावर विचारायची. हे प्राजक्ताशी बोलल्यावर मला कळलं. तेव्हा मात्र मला रडू आलं, फार नाही, पण आलं.

खातं अजून उघडलेलं नाही. आतलं सगळं एक दिवस पुसलं जाईल आणि ते मला कोणी कळवणारही नाही, कारण कळवायचा नंबर माझा नाही. बाळूनं मला ग्रुपमध्ये घेतलं. तिथं माझं नाव 'मेधाताई कोलकाता' असं दिसतं. त्या माणसाला काढू का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, राहू दे. तेव्हा आता ठोसर परिवारात विजूताई आहे आणि मेधाताईही आहे, आणि दोघी एकमेकींना सणाला नमस्कार करतात.

तुम्ही मला विचाराल की इतक्या वर्षांनी माहेर म्हणजे काय वाटतं. मी पूर्वी अकोला सांगितलं असतं. आता ते रिसोडच्या गिरणीत, दुसऱ्या सिमवर आहे. ग्रुपमध्ये घेतल्यावर बाळूनं ते वर्षश्राद्धाचं बोलावणं मला दाखवायला म्हणून, आईच्या आवाजासकट, ग्रुपवर पुन्हा जसंच्या तसं पाठवलं. वर आईचा आवाज, गेलं का विजूले. खाली दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून चार मिनिटांनी, गिरणी सुरू करायच्या आधी, गजाननभाऊंनी जोडलेले हात.